मानाचं हाड

बुरुलकान अंगानं दांडगी, हे नारिनच्या डोंगराळ मुलखात कुणाला सांगावं लागत नाही. तीस वर्षं तिनं मेंढ्यांना लस टोचली. उधळलेला एडका ती गुडघ्याखाली दाबून धरायची आणि गडीमाणसं नुसती बघत राहायची. तेव्हा तिच्या वजनाची कुणाला अडचण नव्हती. निवृत्त झाली, आणि सगळ्यांना एकाएकी तिच्या तब्येतीचा कळवळा आला. कान दुखतो म्हणून दवाखान्यात गेली, तरी "आधी वजन उतरवा." कानाचा आणि पोटाचा काय संबंध, देव जाणे!

सगळ्यांत जास्त कळवळा भाचेसुनेला, चोल्पोनला. ती फोनवरून बारीक होण्याचा चहा विकायची. रोज सकाळी बुरुलकानला फोटो यायचा: डावीकडे जाडी बाई, उजवीकडे तीच वाळलेली. गेल्या हिवाळ्यात बुरुलकाननं तो चहा तीन आठवडे घेतला आणि एके दिवशी मेंढवाड्यात चक्कर येऊन पडली. लाजेनं कुणाला बोलली नाही. उरलेला चहा तिनं चुलीत घातला.

मग धाकट्या भाच्याचं लग्न आलं. लग्नात मेंढी कापली की ज्याचं त्याचं हाड ठरलेलं. शेपटीजवळचं चरबीचं हाड घरातल्या थोरल्या बाईचं. आई वारल्यावर तो मान यंदा पहिल्यांदाच बुरुलकानकडे आला होता. त्यासाठी तिनं डोक्याला नवा पांढरा रुमाल बांधला होता.

वाढत वाढत चोल्पोन आली आणि तिच्यापुढे छातीचा कोरडा तुकडा ठेवला. तो तर सुनांचा वाटा.

"चरबी नको तुम्हाला, आत्याबाई. तुमच्या भल्यासाठीच सांगते."

पंगतीतल्या बायका गालात हसल्या. बुरुलकानचे कान तापले. आईची जागा सगळ्यांदेखत हातची जात होती.

"जाऊ द्या वन्सं," भावजय, चोल्पोनची सासू, पुटपुटली. "काळजीपोटी केलं पोरीनं."

"काळजी घरी करावी. हाड वयावर मिळतं, वजनावर नाही. जा, माझं हाड आण."

हसणाऱ्या बायका आपापल्या ताटाकडे वळल्या. चोल्पोन हाड घेऊन आली. तिच्या हातातली बांगडी पार कोपरापर्यंत घसरली होती. बुरुलकानच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"जेवलीस कधी?"

"परवा," चोल्पोन हळूच म्हणाली. "तोच चहा घेते मीपण."

बुरुलकाननं आधी स्वतः घास घेतला, चवीनं, सावकाश. मग रीतीप्रमाणे धाकटीसाठी तुकडा कापला, चांगला चरबीसकट, आणि तिच्या तोंडाशी धरला. थोरल्या बाईच्या हातचं नाकारायचं नसतं. चोल्पोननं सासूकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. चावता चावता तिचे डोळे भरून आले.

"अजून देऊ?"

"द्या, आत्याबाई," म्हणत ती शेजारीच बसली.