टाकीवरचे चौघे

"हे पिऊन आलेत का गं?"

काकूंनी हळू आवाजातच विचारलं. पण जिथे पोचायचं तिथे पोचलंच. दारात माझा बाप उभा होता. मी घरी विसरलेली चष्म्याची डबी द्यायला तुर्भ्याहून नेरूळला आला होता. वॉचमनने त्याला खाली दहा मिनिटं उभं करून ठेवलं होतं. उजवा हात थरथरत होता आणि हातातली डबी दाराच्या चौकटीवर टकटक वाजत होती. दुपारचे बारा वाजले होते.

त्याच हॉलमध्ये, खिडकीजवळच्या खुर्चीत, काका बसले होते. त्यांचाही उजवा हात थरथरत होता. अगदी तसाच. अंगठा आणि शेजारचं बोट एकमेकांवर घासत, चिमटीत मीठ धरल्यासारखा.

काका माझे पेशंट. मी त्यांची केअरटेकर, सकाळी आठ ते संध्याकाळी आठ. त्यांना पार्किन्सन्स आहे.

मी काकूंना काय म्हणाले? "कधीकधी घेतात, काकू. परत येणार नाहीत."

काम जाईल म्हणून म्हणाले. बापाने ऐकलं. ज्याने आयुष्यात दारूला हात लावला नाही त्या माणसाने डबी चपलांच्या कपाटावर ठेवली आणि तो वळला. एका झटक्यात नाही वळला. जागच्या जागी पाच-सहा बारीक पावलं टाकत वळला. काका असेच वळतात. वळताना मी त्यांच्या कमरेला हात देते. बापाला कुणी हात दिला नाही. मी बघत उभी राहिले आणि तेव्हा मला कळलं.

खरं सांगते, त्याआधी मीच दोनदा त्याचं तोंड हुंगलं होतं. तो झोपेत असताना. आपल्या बापाचं.

काकांचा मला हेवा वाटायचा. आजारी माणसाचा कसला हेवा, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. काकांचा हात हलला की सगळं घर थांबायचं. जड मुठीचा चमचा होता. बाथरूममध्ये पाय न घसरणारी चटई होती. व्यायाम घ्यायला एक मुलगी यायची, ती "एक-दोन, एक-दोन, वा काका" म्हणायची. कप सांडला तर काकू म्हणायच्या, "असू दे हं." माझ्या बापाने कप सांडला की शेजारीण पदर नाकाला लावायची.

पण सगळ्यात जास्त हेवा मला त्या कागदाचा वाटला. एका मोठ्या दवाखान्यात काकांना नेलं होतं, मी सोबत होते. तिथल्या डॉक्टरबाईंनी कोरा कागद घेतला आणि काकांचं अख्खं घराणं काढलं. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल. वडिलांना होता? चौकोन काळा. चुलत्यांना? काळा. आजोबांचे हात हलायचे, असं काकूंनी आठवून सांगितलं. तोही काळा. मग रक्त तपासणीला पाठवलं. बाई म्हणाल्या, काही घरांत हे जनुकांतून उतरतं. घरी आल्यावर काकू फोनवर मुलीला सांगत होत्या, "आपल्याकडे हे घराण्यातच आहे." सांगताना आवाजात थोडा तोरा होता. गावाकडच्या जमिनीबद्दल सांगावं तसा.

त्यांच्या आजारालासुद्धा खानदान होतं. माझ्या बापाच्या आजाराला वास होता.

त्या दिवशी घरी गेले. बाप मोरीजवळ बसला होता, माझ्याकडे पाठ करून. मी म्हटलं, "बाबा, मी खोटं बोलले." गॅसवर डाळ लागली होती, घरभर करपट वास. त्याला पत्ता नव्हता. काकांचंही नाक कधीच गेलंय. हात हलायच्या कितीतरी वर्षं आधी. पण आमच्या घराण्यात तर असा हात कुणाचाच हलला नव्हता, मग हे आलं कुठून?

"बाबा, कंपनीत तुम्ही नेमकं काय करायचा?"

"टाकीवं व्हतो की."

मग तो बोलला. साताऱ्याहून आला तेव्हापासून, बावीस वर्षं. औद्योगिक पट्ट्यातली लोखंडी सुट्या भागांची कंपनी. आज ती नाही, तिथे काचेची बिल्डिंग आहे. टाकीत गरम द्रव असायचा, भागांवरचं ग्रीस काढायला. ड्रमवरचं नाव लांबलचक, म्हणून सगळे त्याला 'ट्राय' म्हणायचे. चौघे जण टाकीवर होते.

"सुटी झाली की त्यातच हात धुयाचो. साबनाला दाद देत न्हवतं ते काळं. ट्रायनं कसं झाक निघायचं. वास बी गोड."

"हातमोजे?"

"सायेब लोकं बघाय आली की घालाय लावायचे." मग म्हणाला, "दुपारी डोकं हलकं व्हायचं. आमी हसायचो, फुकाट चढली म्हनून. तुजी आय बी मला पिऊन आलास म्हनायची."

म्हणजे माझ्या बापाला आयुष्यात नशा चढली ती मालकाच्या टाकीची. तीही कामाच्या वेळेत.

आणि मला आठवलं. घरात मोरीच्या फळीवर एक बाटली असायची. शाळेच्या स्कर्टवर डाग पडला की आई त्यातलं थोडं फडक्यावर घेऊन मला द्यायची, "पूस." कंपनीतून लपवून आणलेली बाटली. चाळीत शेजारणी वाटीभर मागायला यायच्या आणि बाप मोठ्या मनाने द्यायचा. तेवढी एकच चैन त्याला आम्हाला देता येत होती.

त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. तिसऱ्या तासाला नंबर लागला. डॉक्टर तरुण, दमलेला. हात बघितला, चालायला लावलं. आजार बरोबर ओळखला. मग प्रश्न.

"दारू?"

"नाही."

"खरं सांगा, ताई."

"नाही म्हणाले ना."

"घराण्यात कुणाला?"

"नाही."

"काम काय करायचे?"

"कंपनीत होते."

त्याने लिहिलं, मजुरी. आणि पान उलटलं.

बावीस वर्षं एका शब्दात गेली. मी उठले नाही. म्हटलं, "कुठली मजुरी ते विचारा."

"ताई, त्याने औषध बदलत नाही. गोळी तीच."

"मी ज्यांच्याकडे काम करते त्यांनाही हीच गोळी आहे. त्यांच्या तीन पिढ्या कागदावर काढल्या. माझ्या बापाची एक टाकी लिहायला काय होतंय?"

मागे लोक कुरकुरायला लागले. बाप माझी बाही ओढत होता, "चल गं पोरी, लोकं खोळंबल्यात." मी खुर्ची सोडली नाही. डॉक्टरने पेन खाली ठेवलं. मी टाकी सांगितली, हात धुणं सांगितलं, ट्राय सांगितलं. तो थोडा सरळ बसला. म्हणाला, असल्या द्रवांचा, शेतातल्या काही फवारण्यांचा या आजाराशी संबंध दिसतो. पण एका माणसाला नेमका कशाने झाला हे कुणी छातीठोक सांगू शकत नाही. थोडं जनुकांचं असतं, थोडं बाहेरचं, थोडं वयाचं. "सिद्ध होणार नाही, ताई."

"सिद्ध करा म्हणत नाही. लिहा म्हणते."

त्याने लिहिलं. अडीच ओळी. मी त्या तिथेच वाचून घेतल्या.

मग मी स्वतः कागद घेतला. दर रविवारी एक घर. टाकीवरचा एक जण करंजाड्याला मुलाकडे असतो. कॉटवर पडून असतो, तोंडावर भाव नाहीत, हात हलतो. चौकोन काळा केला. दुसरा वारला. त्याची बायको म्हणाली, "शेवटी शेवटी घास तोंडापर्यंत जात न्हवता वो. लोकं म्हनायची, दारू भोवली." कुणाला दाखवलं नव्हतं. तो चौकोन मी अर्धा भरला. तिसरा जासईजवळ एका कंटेनर यार्डाच्या गेटवर बसतो, धडधाकट, माझ्यासोबत चहा पीत हसला. त्याचा चौकोन रिकामा ठेवला. मला पुन्हा खोटं बोलायचं नाही.

चौथा माझा बाप. पूर्ण काळा. या चौघांत रक्ताचं नातं कुणाचंच नाही. रेघा सगळ्या टाकीकडे जातात.

काल काकांना खुर्चीत बसवलं आणि काकूंसमोर उभी राहिले.

"काकू, त्या दिवशी माझे वडील पिऊन आले नव्हते. काकांचा आहे तोच आजार आहे त्यांना. मी खोटं बोलले."

"अगं बाई. जाऊ दे, झालं ते."

"जाऊ देणार नाही. रविवारी ते येणार आहेत. दार तुम्ही उघडायचं आणि त्यांना इथे बसवायचं."

"आणि नाही उघडलं तर?" काकू रागावल्या होत्या.

"तर सोमवारपासून दुसरी बाई बघा."

काकांचा हात हलत होता. मी त्यात चमचा दिला. तो जड मुठीचा. हेवा अजून वाटतो. हात हलायला लागल्यावरही माणसाला माणूस म्हणून वागवतात, हे मी या घरात रोज बघते. जे बघितलं ते मी माझ्या बापासाठी मागणार आहे, आणि करंजाड्याच्या कॉटवरच्या माणसासाठीही.

कागदावर टाकीपासून एक रेघ मी आमच्या मोरीच्या फळीपर्यंत ओढली आहे. तिच्या टोकाला एक गोल आहे. तो मी. अजून रिकामा आहे. तो कधी काळा झालाच, तर दारू पिता का, असं विचारायच्या आत मी हा कागद टेबलावर ठेवीन.