बियाण्याची काळी पेटी

मुरबाडजवळ विजेचे लाकडी खांब तेलात मुरवायचा एक कारखाना होता. नव्वदच्या दशकात मी तिथे पाच वर्षं हाडं झिजवली. लांबलचक लोखंडी टाकीत खांब सारायचे, झाकण आवळायचं, आतली हवा पंपाने ओढून घ्यायची आणि मग गरम काळं डांबरतेल दाबाने सोडायचं. लाकडातली हवा गेली की तिची जागा तेल घेतं. ओलं लाकूड पीत नाही, त्याचं पोट पाण्यानेच भरलेलं असतं; वाळलेलं मात्र अधाशासारखं पितं. बाहेरचा पांढरा भाग सगळं शोषतो, आतला गाभा तोंड मिटून बसतो. एवढं शिकलो आणि स्वतःला फार शहाणा समजायला लागलो.

आईकडे तांबड्या भाताचं बियाणं होतं, लग्नात सिद्धगडाकडच्या माहेरून आणलेलं. दरसाल निवडून ती ते शेणाने सारवलेल्या बांबूच्या कणगीत ठेवायची. एका वर्षी वाळवीने कणगीचं बूड खाल्लं. मी कारखान्यातल्या मोडक्या खांबांच्या फळ्या चिरून आणल्या आणि ऐटीत पेटी ठोकली.

आईने झाकण उघडून नाक आत घातलं. "वास मारतोय रे. बियान्याला काय व्हनार नाय ना?"

"तुला काय कळतं त्यातलं? वाळवी सात जन्मात नाय लागायची," मी म्हणालो.

तिने सगळं बियाणं पेटीत ओतलं. मुलगा कारखान्यात होता ना तिचा.

वैशाखात घराचे पत्रे तापले, तसं प्यालेलं तेल फळ्या बाहेर टाकू लागल्या. मला ते दिसलंसुद्धा नाही. पुढे जमीन भाजून रोपांसाठी राब केला, त्यात पेरलं. शेजाऱ्यांचे राब हिरवे झाले, आमचा काळाच राहिला. माती उकरली तर दाणे होते तसेच, आणि त्यांना कारखान्याचा वास. लाकूड पितं कसं ते मला साहेबाने शिकवलं होतं. ओकतं का, हे विचारायची अक्कल मला नव्हती.

मामाच्या गावी धावलो. तिथे केव्हाच सगळे दुकानातल्या पिशवीवर गेले होते.

"ता भात आता कोन लावतो?" मामा म्हणाला.

मूठभरही मिळालं नाही. ते भात संपलं, माझ्या हातून संपलं.

आईने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. पेटी अजून पडवीत आहे, वाळवी तिला शिवलेली नाही. आई मात्र जाईपर्यंत दर पेरणीला दुकानातल्या पिशवीतलं मूठभर बियाणं आधी नाकाशी न्यायची, मगच पेरायची. मी समोर असलो तरी.