गालाला लागलेली ऊब

तवा तापलाय का बघायला आपण जसा हात धरतो, तसा शंकरअण्णा प्रत्येक दिव्याच्या झोतात तळहात धरायचे. फौजेत विजेची कामं करून ते रहिमतपूरला परतले आणि साताऱ्यातल्या आमच्या हौशी नाट्यसंस्थेची प्रकाशयोजना त्यांच्या गळ्यात पडली, ती वीस वर्षं.

माझ्या पहिल्याच नाटकात मी सारखी झोताबाहेर उभी राहायची. अण्णा म्हणाले, "अंधाराचं काम करतीयास व्हय गं? उजेड डोळ्यानं हुडकू नगंस. गालाला ऊब लागली की थांबायचं." तेव्हापासून मी गालाच्या भरवशावर उभी राहू लागले.

दिग्दर्शकाशी त्यांचं कायम वाजायचं. "निळा कागद लावला म्हंजे रात हुत न्हाई," ते ऐकवायचे. "लोकांनी म्हनाय पायजे, बाई लय चांगली बोलली. लायटिंग झ्याक हुतं म्हनले, की आपुन चुकलो."

अण्णा गेल्या उन्हाळ्यात वारले. त्याआधीचा शेवटचा प्रयोग सांगलीला, स्पर्धेत. त्या दिवसांत सून त्यांना हात धरून आणायची आणि तालमीत ते डोळे मिटून बसायचे. आम्ही वयावर ढकललं होतं. सांगलीच्या नाट्यगृहात दिवे नवे, एलईडीचे. दुपारी मांडणी झाली, सगळे दिवे लागले. अण्णा मधोमध गेले, तळहात वर धरला, दोन पावलं सरकले, पुन्हा धरला.

"दिवं लावा की रं," ते म्हणाले.

मी म्हणाले, "लागलेत अण्णा. हे दिवे तापत नाहीत."

ते तिथल्या खुर्चीवर बसले. "काचबिंदू हाय. दिवाळीपासनं कायबी दिसत न्हाई. सांगितलं असतं तर घरी बसवलं असतं तुमी."

दिग्दर्शक नाट्यगृहाच्या माणसावर काम सोपवायला निघाला होता. मी अडवलं. म्हटलं, अण्णा विचारतील, आपण सांगू. मग मी माझ्या प्रत्येक जागेवर उभी राहून वाक्य म्हणायची आणि अण्णा विचारायचे, "नाकाची सावली कुठं पडली? डोळं दिसत्यात का?" दिग्दर्शक मुकाट्याने सांगत गेला. संध्याकाळपर्यंत सगळे दिवे बसले. प्रयोगात बटणं नाट्यगृहाच्या माणसाने दाबली, पण कधी दाबायची ते अण्णा माझा आवाज ऐकून सांगत होते. झोत एकदाही चुकला नाही.

प्रयोगानंतर मी मेकअपसकट त्यांच्याकडे धावले.

"काय म्हनली लोकं?" त्यांनी विचारलं.

"माझं काम आवडलं म्हणाले."

"आनि लायटिंग?"

"कुणी नावही काढलं नाही, अण्णा."

"कुनीच न्हाई?"

"कुणीच नाही."

अण्णा खुर्चीत सैल झाले आणि माझ्या गालावर तळहात ठेवून कितीतरी वेळ तसेच बसून राहिले.