मोबाईलवरचा वारंगुळा

सन दोन हजार बावीस. माझं वय तेव्हा सत्तावन्न, नोकरीचं शेवटचं वर्ष लागलेलं. मी गंगाखेड तालुक्यात बीट जमादार होतो. सातवी पासवर शिपाई म्हणून भरती झालो आणि कुणाच्या चिठ्ठीशिवाय जमादारापर्यंत आलो, हे मी आजही छाती पुढं करून सांगतो. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातलं बरंच आता विसरलो. पण राणीसावरगावच्या पुढच्या एका गावातली ही साधी अर्ज चौकशी अजून जशीच्या तशी डोळ्यांसमोर आहे. गावाचं आणि माणसांचं नाव सांगणार नाही. सगळे हयात आहेत, सुखात आहेत.

सुरुवात खबरीपासून झाली. बसस्टँडवरचा पानटपरीवाला माझा जुना खबऱ्या. पान लावता लावता म्हणाला, "मामा, त्या गावात बाया दुपारच्याला एका घरी जमायल्यात. हातात मोबाईल अन् तोंडात कॉइन कॉइन. दामदुप्पटीची स्कीम हाय म्हणायलेत."

"तुला कुणी सांगितलं?"

"माझी मेहुणीच हाय त्याच्यात. मला म्हणती, भाऊजी, तुमी बी या. मी म्हणलं, मला कामधंदा हाय."

दामदुप्पट हा शब्द ऐकला की पोलिसाला पुढचं सगळं दिसायला लागतं. स्कीम बुडाली की लोक आधी घरात रडतात, मग लाजेनं गप्प बसतात, आणि ठाण्यात येतात तोवर गडी पसार झालेला असतो. मी साहेबांच्या कानावर घातलं. साहेब तरुण होते, पण डोकं थंड. म्हणाले, "जमादार, जाऊन बघा. घाई नको."

मी निघायच्या आधीच त्या गावचा एक ऊसवाला शेतकरी अर्ज घेऊन ठाण्यात आला. घरचा बरा माणूस, पांढरे कपडे, खिशाला पेन. म्हणाला, "साहेब, माझ्या बायकोचं खातं चोरलंय."

"बँकेचं?"

"न्हाई, मोबाईलवरचं."

मला काही उमजेना. मग त्यानंच समजावलं. मोबाईलवर एक जागा आहे. तिथं आपण चार ओळी लिहायच्या, फोटो टाकायचा. लोकांनी लाईक दिलं, खाली दोन शब्द लिहिले, की आपल्या नावावर नाणी पडतात. ही नाणी हातात वाजत नाहीत, क्रिप्टो म्हणतात ती. त्याची बायको या नादाला लागली म्हणून त्यानं महिन्यापूर्वी तिचा मोबाईल काढून घेतला होता. तरी रोज दुपारी तिच्या नावानं नवीन लिखाण येतच होतं.

"मोबाईल माझ्या खिशात, बायको माझ्या रानात. मग लिहायलंय कोण?" त्यानं विचारलं. सवाल रास्त होता. त्याचा संशय गावातल्या शिलाईवाल्या बाईवर होता. तिच्याच घरी बायका जमत. "तिच्यावर गुन्हा दाखल करा. तिनंच सगळ्यायला नादी लावलं."

आता गंमत बघा. त्याच शिलाईवाल्या बाईचा दुसरा कागद माझ्या टेबलावर पडलेला होता. अंगणवाडी मदतनीस म्हणून तिची निवड झाली होती, आणि चारित्र्य पडताळणीचा अहवाल आमच्या ठाण्यानं द्यायचा होता. बाई विधवा. म्हातारी सासू पदरात, घर मशीनवर चाललेलं. फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला असता तर हाती आलेली नोकरी गेली असती. साहेब म्हणाले, "आधी अर्ज निकाली काढा. अहवालाचं त्याच्यावर ठरेल."

बाईमाणसाला जबाबासाठी ठाण्यात बोलवायचं नसतं, घरी जाऊन जबाब घ्यायचा. म्हणून स्टेशन डायरीला नोंद केली, महिला शिपाई सोबत घेतली आणि ऐन दुपारी त्या घरी गेलो. अर्जदाराला म्हणालो, तुम्ही बाहेर ओट्यावर थांबा.

माझी एक सवय आहे. माणसाच्या आधी मी घर बघतो. लोकांना बुडवणाऱ्याच्या घरी बसायला नव्या खुर्च्या असतात, भिंतीवर मोठ्या माणसाबरोबरचा फोटो असतो. इथं खताच्या पोत्यांची शिवलेली बसकूर होती. आठ-दहा बाया तिच्यावर बसलेल्या, खाकी बघून एकदम गप्प.

शिलाईवाली मशीनवरून उठली. "साहेब, आमी काय चोरी करायलोत का?"

"तेच बघायला आलोय. कुणाकडून किती पैसे घेतले?"

"कशाचे? फुकट हाय ते. मोबाईल असला की झालं."

एकेकीला वेगळं बसवून विचारलं. महिला शिपाई लिहीत होती. पैसे दिल्याचं एकीनंही सांगितलं नाही. शिकवून ठेवलेले साक्षीदार सगळे एका शब्दात बोलतात. इथं प्रत्येकीचं वेगळंच गाणं.

"मी पैशासाठीच आले, खोटं कशाला बोलू," एकजण म्हणाली. "भावानं सांगितलं, नाणं चढलं की सोन्याची पोत होईल. नाणं पडलं. आता त्याच्यात कोथिंबिरीची जुडी येत न्हाई."

"मग सोडलं का नाही?"

"सकाळी उठून भाव बघते अजून. कुणी सांगावं."

दुसरी म्हणाली, "आमच्या घरी मी बोलले काय अन् गप्प बसले काय, सारखंच. इथं मी आंबाडीच्या भाजीचं लिहिलं, तर कुठल्या लांबच्या देशातल्या बाईनं विचारलं, ही भाजी दिसती कशी? मी मुद्दाम रानात जाऊन फोटो काढला."

कोपऱ्यात एक म्हातारी होती. मी विचारलं, "माय, तुमाला लिहायला येतं?"

"तुला येतं का?" ती म्हणाली. महिला शिपाई खाली बघून हसली. म्हातारी पुढं म्हणाली, "मी सांगते, ह्या लिहितेत. माझ्या शेळीला माझ्यापेक्षा जास्त लोक वळखतेत."

मग मी मुद्द्यावर आलो. अर्जदाराच्या बायकोच्या नावानं कोण लिहितं? सगळ्या शिलाईवालीकडं बघायला लागल्या.

"आमी सगळ्याजणी," ती म्हणाली. तिच्या तोंडावर भीती दिसेना, उलट माझ्याच अडाणीपणाचं नवल दिसत होतं. "तिची पाळी रिकामी कशी जाऊ द्यायची? वारंगुळा हाय आमचा."

हा शब्द ऐकला आणि माझी गाठ सुटली. मी स्वतः शेतकऱ्याच्या घरचा. आमच्याकडं खुरपणीला सगळ्याजणी आज तुझ्या रानात, उद्या माझ्या रानात, याला वारंगुळा म्हणतात. मजुरी कुणी कुणाला देत नाही. एखादी आजारी पडली, बाळंत झाली, तरी तिचं रान तसंच ठेवत नाहीत, बाकीच्या जाऊन खुरपून देतात. ह्या बायांनी तोच कायदा मोबाईलवर लावला होता. रोज दुपारी आधी हिचं लिखाण सगळ्यांनी वाचायचं, लाईक द्यायचं, खाली काहीतरी लिहायचं. मग तिचं. आणि एकीचा मोबाईल नवऱ्यानं नेला, म्हणून तिचं रान बाकीच्यांनी धरलं. खुरपी जशी एका घरी ठेवतात तसे सगळ्यांचे पासवर्ड शिलाईवालीच्या घरी ठेवलेले, म्हणून ते जमत होतं.

"पाळी कोण लावतं?"

"मीच लावते."

"तुझी कधी?"

"सगळ्यात शेवटी."

मी बाकीच्यांना पुन्हा एकेकटं विचारलं. सगळ्यांनी तेच सांगितलं, पण प्रत्येकीनं आपापल्या तऱ्हेनं. साखळी स्कीमचा म्होरक्या कधी शेवटी उभा राहत नसतो. तरी कायद्यानं एक प्रश्न उरत होता, की अर्जदाराच्या बायकोची संमती होती का? तिला रानातून बोलावलं. हाताला माती, पदर खोचलेला. मी विचारलं, "तुझ्या नावानं ह्या जे लिहितात ते तुला मालूम आहे?"

"मीच सांगते की. सकाळी नळावर सांगते, दुपारी ह्या लिहितेत. शब्द बदलला तर मी भांडते."

खरं तर चौकशी तिथं संपली. पण मी अर्धवट सोडणारा माणूस नाही. अर्जदाराला आत घेतलं. "दादा, रोज काय लिखाण येतं ते तुम्हाला कसं कळतं?"

"बघतो की मोबाईलवर."

"दाखवा."

तो टाळायला लागला. मी हात पुढं केला तो मागं घेतला नाही. शेवटी स्वतःचा मोबाईल त्यानं माझ्या हातावर ठेवला. मी महिला शिपायाकडं दिला. तिनं बघितलं आणि म्हणाली, "जमादार साहेब, यांचं स्वतःचं खातं आहे. स्वतःच्या फोटोच्या जागी बैलाचा फोटो. आणि बायकोच्या एकूण एक लिखाणाला यांचं लाईक आहे."

बाया उठूनच आल्या. "बया, हा तर आपला जालन्याचा भाऊ!" एकजण म्हणाली. त्यानं आपण जालन्याचे आहोत असं तिथं लिहिलं होतं. बिचाऱ्या त्यालाही वारंगुळ्यात धरून रोज लाईक परत करत होत्या.

तो मान खाली घालून म्हणाला, "मी नजर ठेवायला गेलतो."

"नजर ठेवायला लाईक द्यावं लागतं व्हय?" म्हातारी म्हणाली.

त्याच्या बायकोनं विचारलं, "गाईच्या डोळ्यावर लिहिलं तवा खाली 'लय खरं बोललात ताई' म्हणलं ते तुमीच का?"

तो खिशाचं पेन चाचपायला लागला. मग मीच विचारलं, "महिनाभर नजर ठेवून झाली. मग राहिलात कशाला तिथं?"

मशीनच्या चाकाकडं बघत तो म्हणाला, "उद्या ही काय सांगती ते ऐकायला."

त्यानं बायकोचा मोबाईल खिशातून काढून तिच्या हातात दिला आणि माझ्याकडं अर्ज परत मागितला. मी म्हणालो, अर्ज तसा परत मिळत नसतो, लेखी जबाब द्या. त्यानं दिला.

जाताना मी शिलाईवालीला दम भरला, "आजपासून पासवर्ड ज्याचा त्याच्याकडे."

"मग वारंगुळा कसा चालायचा?"

"खुरपं वेगळं, पासवर्ड वेगळा. उद्या एखादीचं काही गेलं तर पहिलं बोट तुझ्याकडं." ती वाद घालत राहिली, मी हटलो नाही. माझ्यासमोर सगळ्यांनी पासवर्ड बदलले. म्हातारीनं शेळीचं नाव ठेवलं. मी म्हणालो, "माय, ते सगळ्या गावाला ठाऊक आहे," तर म्हणाली, "मग गावच राखील."

इतकी वर्षं मी समजत होतो की लोभानं आलेला माणूस लोभानंच टिकतो. जुगारात तसं होतं, दामदुप्पटीत तसं होतं. ह्या बाया नाण्याच्या ओढीनं आल्या, नाणं मातीमोल झालं, तरी बसून राहिल्या. आपण उठलो तर हिचं कोण ऐकणार, ही काळजी प्रत्येकीला होती. त्यात एखादी अजून नाण्याच्या भावाकडं डोळा लावून असेल, असू दे. देवळात तरी सगळे देवासाठीच येतात का?

दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी झाल्यावर मी अर्ज चौकशीचा अहवाल लिहिला, गुन्हा घडल्याचे दिसून येत नाही. मग पडताळणीचा कागद घेतला. एरवी असे कागद मी लेखनिकाकडून लिहून घेतो, माझं अक्षर खराब. त्या दिवशी स्वतः लिहिला आणि साहेबांपुढं ठेवला.

साहेबांनी वाचला. "वर्तन चांगले, गुन्हा दाखल नाही. बरोबर. पण ही खालची ओळ काय, जमादार? 'सदर महिला स्वतःची पाळी शेवटी लावते.' असं लिहायचं नसतं."

"चारित्र्य विचारलंय, साहेब."

"खोडा ती ओळ."

"खोडणार नाही."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं, कागदाकडं बघितलं आणि सही केली. शिक्का मी मारला, आणि टपालाची वाट न बघता कागद अंगणवाडीच्या तालुका कार्यालयात स्वतः द्यायला गंगाखेडच्या एसटीत बसलो.