चिन्नोरची पुरचुंडी

चिन्नोर तांदूळ शिजायला लागला, की त्याचा वास घरभर होतो आणि मी खिडकीपाशी जाऊन उभा राहतो.

बालाघाटच्या कोर्टात माझ्या शेजारच्या टेबलावर सुधाकर वकील बसायचा. गरिबांचे खटले तो फुकट लढवायचा. माझे पक्षकार पैसेवाले. निकाल लागला की ओळखही दाखवायचे नाहीत. त्याच्याकडे मात्र लोक नुसते रामराम करायलाही यायचे. मला ते बघवत नसे.

एका दुपारी खैरलांजीकडची म्हातारी आली. दिराने बळकावलेलं शेत सुधाकरने तिला परत मिळवून दिलं होतं. तो जागेवर नव्हता.

"नवं धान निघालं. पहिला भात देवाले, दुसरा सुधाकरसाहेबाले. देऊन देजा," म्हणत तिने तांदळाची पुरचुंडी माझ्या हातात ठेवली.

मी हौ म्हटलं आणि ती घरी नेली.

"कोणं देल्ला?" बायकोने विचारलं.

"एका म्हातारीनं. माझी पक्षकार आहे." त्या दिवशी बायकोने किती कौतुकाने वाढलं!

अजूनही चिन्नोर शिजला की ती विचारते, "तुमची म्हातारी पुन्हा काहून नाही आली?"

आली होती, पुढच्याच वर्षी. मी हात पुढे केला.

"राहू द्या साहेब, मी बसतो," म्हणाली आणि पुरचुंडी मांडीवर घट्ट धरून, सुधाकर येईपर्यंत बाकावर बसून राहिली.