गवताखालची गोष्पदे

कापेल या डच गावातील मुलाच्या घरामागे तळमजल्यावर एक खोली बांधण्याचे ठरले, ते माझ्या पत्नीसाठी. इथल्या घरांचे जिने शिडीसारखे उभे. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे ती वरच्या मजल्यावरून क्वचितच खाली उतरू शके. परिसर जुन्या वस्तीचा असल्याने पायाच्या खोदकामावर पुरातत्त्वज्ञाने देखरेख करावी, अशी गेमेंटेची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, अट होती. काही निघाले तर काम लांबणार. म्हणून खोदकामाच्या दिवशी संध्या आटोपल्यावर या भूमीत काहीही न निघो, असे मी देवापाशी मागितले.

पुरातत्त्वज्ञ बाई अबोल होत्या. यंत्र मातीचा पातळसा थर काढी, त्या वाकून पाहत, मग पुढचा थर. विटांचे तुकडे आले, काळी माती आली, खाली निळसर चिकणमाती लागली. अकस्मात त्यांनी हात वर केला. यंत्र थांबले. गुडघे टेकून त्या थापीने माती अलगद खरवडू लागल्या, तसे वाळूने भरलेले ठसे उमटू लागले. दोन अर्धचंद्र, जोडीने. पुढे आणखी दोन.

"गाय!" त्या इंग्रजीत म्हणाल्या. "कित्येक शतकांपूर्वी ओल्या चिखलातून गेली असावी. मग पुराच्या वाळूने ठसे बुजले."

गोष्पद! गाईच्या खुराचा ठसा. हा शब्द मी संस्कृतच्या विद्यार्थ्यांना आयुष्यभर शिकवला, आणि तो असा प्रत्यक्ष समोर आला. भूमिशुद्धीसाठी जमिनीवर गाय फिरवावी, असे आमचे शास्त्र सांगते. परदेशात ते कसे साधावे, म्हणून मी गंगाजल शिंपडून समाधान मानले होते. इथे तर गोमाता माझ्या कितीतरी आधी येऊन गेली होती! मी वहाणा काढल्या, कुंकवाचा करंडा घेतला आणि खड्ड्याकडे निघालो.

"बाबा, थांबा!" मुलगा ओरडला. बाईंनी दोन्ही हात पसरून मला अडवले. मुलाने कुंकवाचे प्रयोजन सांगितले, तेव्हा त्या मोठ्याने हसल्या.

"तो रंग तिथे पडला, तर पुढचा संशोधक लिहील की इथल्या गाई नखं रंगवत होत्या. आधी मोजमाप, छायाचित्रे. मग एका ठशावर चालेल."

नंतर त्या गंभीर झाल्या. "माझे काम इथे संपवता येईल. पण माग गवताखाली पुढे गेला आहे. तुमची हरकत नसेल तर तिथेही खणेन. पाया मात्र तेवढे दिवस रखडेल."

मुलगा माझ्याकडे पाहू लागला. होकार अगदी ओठांवर आला होता. पण खोली माझी नव्हती. मी वर पाहिले. ती खिडकीतच उभी होती.

"अहो, काय सापडलं?"

"गाईची पावलं! पुढे गवताखाली गेलीत. पण शोधायची तर तुझी खोली लांबते गं."

"मग लांबू दे की! ती कुठे गेली ते न बघता वर काँक्रीट ओतलंत, तर मी त्या खोलीत पाऊल ठेवायची नाही. आणि वहाणा घाला आधी, गारठाल!"

मुलाने काँक्रीटवाल्याला फोन लावला. बाईंनी माझ्या हाती फावडे दिले, आणि कुंपणाच्या दिशेने गवताचा पहिला चौकोन मी स्वतः उचलला.