रजिस्टरमध्ये नामंजूर झालेला निकाह

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टी मानणारा माणूस नाही. भूत म्हणजे कुठेतरी ढिली झालेली वायर, असं माझं साधं मत... आजही बऱ्यापैकी तेच आहे. पण गेल्या वर्षीची एक सकाळ त्यात बसत नाही, म्हणून लिहितोय.

मारेगावच्या बाहेर, कपाशीच्या शेतांना लागून आमचं हॉस्टेल. मोबाइलला रेंज नावापुरती, त्यामुळे सगळ्या पोरांचा जीव वाचनखोलीतल्या वायफायच्या डब्यात. मी शेवटच्या वर्षाला, आणि त्या डब्याचा इनचार्ज. नियम मीच टाइप करून भिंतीवर चिकटवले होते – सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच व्हिडिओ बंद. अभ्यासाचा असेल तर चालेल, पण आदल्या दिवशी रजिस्टरमध्ये कारण लिहून माझी सही घ्यायची. पोरं कारणाच्या रकान्यात 'लेक्चर' लिहायची आणि क्रिकेट बघायची. मला माहीत होतं. पण कागद बरोबर असला की मी सही ठोकायचो.

सलीम दुसऱ्या वर्षाचा, फुलसावंगीचा. म्हणजे जिल्ह्याचं पार दुसरं टोक. त्याच्या बहिणीचा, शबनमचा निकाह अकरा वाजता आणि त्याच दिवशी साडेबाराला याची तोंडी परीक्षा. जाणं शक्यच नव्हतं. मामेभाऊ फोनवरून लाइव्ह दाखवणार होता. या भोळ्या माणसानं रजिस्टरमध्ये खरं कारण लिहिलं – बहिणीचा निकाह.

"हे अभ्यासात येत नाही," मी म्हणालो.

"भाऊ, अब्बा गेल्यापासून तिले शाळेत मीच नेऊन सोडत होतो. अर्धा घंटा फक्त."

"लेक्चर लिहून आण, लगेच सही करतो."

"निकाहच्या नावानं खोटं कायले लिहू?"

मी 'नामंजूर' लिहिलं. आज लाज वाटते, पण तेव्हा मी स्वतःला फार तत्त्वाचा समजत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे 'लेक्चर'वाले मॅच लावून बसलेले. माझं डोकं फिरलं. साडेदहाला डब्याचा अडॅप्टरच वायरसकट उपटला, खिशात कोंबला आणि कपडे धुवायला गेलो.

अकराच्या सुमारास वाचनखोलीतून आवाज आला... कबूल है.

ओल्या हातांनी धावत गेलो. लॅपटॉपपुढे सलीम, भोवती दहा-बारा पोरं. चित्र लख्ख. ते गोल फिरणारं चक्र एकदाही नाही. भिंतीवर डब्याचे दिवे विझलेले. मी खिशात हात घातला, अडॅप्टर बाहेर काढला. माझ्याकडेच होता.

सलीमनं मागे वळून पाहिलं. डोळे भरलेले. "भाऊ, चालू केलंच ना तुमी. मले वाटलंच होतं."

मी वायर हातात धरून दाराशी उभा राहिलो. शबनमनं मान वर करून फोनकडे पाहिलं आणि तिसऱ्यांदा कबूल म्हटलं. सलीम हसत होता की रडत होता, त्याचं त्यालाच ठाऊक. कुणीतरी त्याच्या तोंडात बेसनाचा लाडू कोंबला. घरचं लग्न असल्यासारखी पोरं एकमेकांच्या गळ्यात पडली, मीसुद्धा पडलो. इतका आनंद मला त्या हॉस्टेलात कधीच झाला नव्हता. दुआ संपली आणि चित्र थांबलं. सलीम तसाच हसत परीक्षेला गेला आणि पास होऊन आला.

मग मी सगळं तपासलं. एकाही पोराच्या फोनला व्हिडिओ चालेल एवढी रेंज नव्हती. डब्याच्या नोंदीत साडेदहानंतर काहीच नाही.

ईदला सलीमनं मला घरी नेलं. शबनम माहेरी आली होती. शीरखुर्म्याची वाटी पुढे ठेवत म्हणाली, "भाऊ, वायर धरून दारात उभे होते, ते तुमीच ना? रडून राह्यले होते. मी पाह्यलं तुमाले."

लाइव्हमध्ये आम्ही तिला पाहत होतो. तिकडच्या फोनवर आम्ही दिसणं शक्यच नाही. आणि सलीमला तर माझ्या हातातली वायर दिसलीही नव्हती, हे त्यानं शपथेवर सांगितलं. आमचे चेहरे बघून ती हसली आणि वाटी पुन्हा भरली.

हे कसं झालं, मला आजही सांगता येत नाही. परत आल्यावर मी एवढंच केलं – रजिस्टर उघडलं, 'नामंजूर' खोडून 'मंजूर' लिहिलं आणि खाली सही केली. निकाह होऊन गेल्यावर दिलेली परवानगी माझ्याच नियमात बसत नाही. राहू दे.